काटा आणि साठा

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत माणसे सिलिंडर मोजत होती. कुठे किती आले, कुठे किती उरले, जम्बो मिळतो की छोट्यावरच भागवायचे, रात्री भरून कोण देतो. बातम्या सिलिंडरांच्या संख्येत येत आणि नातेवाइकांचे फोनही त्याच संख्येभोवती फिरत. खरा प्रश्न मात्र रात्रपाळीच्या परिचारिकेपुढे असे. समोरच्या सिलिंडरवर काटा 75 वर आहे, रुग्णाला मिनिटाला 10 लिटर प्राणवायू चालू आहे, तर दुसरा सिलिंडर कधीपर्यंत आणायला हवा?

या प्रश्नाचे उत्तर काट्यावर लिहिलेले नसते. रुग्णालयात दिसणारा जम्बो, म्हणजे डी प्रकारचा सिलिंडर, आतून सुमारे 47 लिटरचा असतो. छोटा बी प्रकारचा सुमारे 10 लिटरचा. पूर्ण भरलेल्या दोघांवरही काटा साधारण 150 किलो दाखवतो (दर चौरस सेंटिमीटरला, पण बोलताना सगळे नुसते किलोच म्हणतात). दोन्ही काटे एकाच जागी, आणि साठ्यात मात्र जमीनअस्मानाचा फरक. 47 ला 150 ने गुणले की सुमारे 7000 लिटर होतात. मोकळ्या हवेच्या दाबाला सोडला तर एवढा प्राणवायू त्या जम्बोतून निघेल. छोट्यातून निघेल 1500 लिटर. मिनिटाला 10 लिटरप्रमाणे पहिला 700 मिनिटे पुरतो, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडा अधिक. दुसरा अडीच तासांत संपतो. काटा 75 वर आल्यावर जम्बोत जवळजवळ सहा तास शिल्लक असतात आणि छोट्यात सव्वा तास. काटा मात्र दोन्हीकडे अर्ध्यावरच उभा असतो.

हा गुणाकार म्हणजेच बॉइलचा नियम. तापमान स्थिर असताना ठरावीक वायूचा दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात कमी होते, असे अकरावीच्या रसायनशास्त्रात सगळेजण वाचतात. व्यस्त प्रमाण, एक वक्ररेषा, एक सूत्र, दोन उदाहरणे, की पुढचा धडा. माझे म्हणणे असे आहे की आपण या नियमाचे चुकीचे टोक हातात धरले आहे. एक वाढले की दुसरे घटते, ही त्यातली वरवरची गोष्ट. महत्त्वाचे हे की दोघांचा गुणाकार बदलत नाही, आणि तो गुणाकार वायूच्या मालाची मोजणी आहे. एकटा दाब माल किती ते सांगत नाही, एकटे आकारमानही सांगत नाही. दोन्ही हाती असतील आणि तापमान मध्ये ढवळाढवळ करत नसेल, तरच हिशेब लागतो. ही एवढी समज अंगात मुरली असती, तर त्या दोन महिन्यांत आपण सिलिंडर मोजले नसते. लिटर मोजले असते आणि तास मोजले असते.

कुणी म्हणेल, परिचारिकेला बॉइल कशाला हवा? भिंतीवर तक्ता असतो: जम्बो, काटा अमुक, प्रवाह तमुक, इतके तास. बरोबर आहे, तक्ता कामाचा आहे आणि शांत दिवसांत पुरेसाही. पण तक्ता ज्या सिलिंडरसाठी बनला तोच समोर येतो तोवर. त्या वेळी कारखान्यांतले, वेल्डिंगच्या दुकानांतले, कुठले कुठले सिलिंडर वैद्यकीय कामासाठी वळवले जात होते. वेगळे आकार, वेगळी भरणी. तक्ता ज्या गणितातून निघाला ते गणित ठाऊक असलेला माणूस अनोळखी सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली लिटरची संख्या वाचतो आणि अर्ध्या मिनिटात नवा तक्ता मनातच तयार करतो. ठाऊक नसलेला जुनाच तक्ता वापरतो, आणि तो चुकतो आहे हे त्याला सिलिंडर संपेपर्यंत कळत नाही.

त्याच काळात खानदेशातला एक जिल्हा वेगळ्या मापात बोलत होता, आणि मला ती बाब त्या जिल्ह्याच्या झालेल्या कौतुकापेक्षाही मोलाची वाटते. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः वैद्यक शिकलेले. पहिली लाट ओसरण्याआधीच, 2020 च्या सप्टेंबरात, त्यांनी जिल्ह्यात हवेतून प्राणवायू वेगळा करणारे संयंत्र बसवून घेतले. क्षमता होती मिनिटाला 600 लिटर. दुसरी लाट येईपर्यंत त्यात भर पडली होती. बाहेरून येणाऱ्या टँकरची वाट पाहत सातपुड्याच्या पायथ्याशी बसायचे नाही, एवढा साधा हेतू होता. पण पाहा, संयंत्राची क्षमता सिलिंडरांत सांगत नाहीत. मिनिटाला किती लिटर, असे सांगतात. रुग्णही तसाच श्वास घेतो, मिनिटाला इतके लिटर. 600 लिटरवाले संयंत्र दिवसाला 8 लाख 64 हजार लिटर देते. भागिले 7000 केले की जवळपास 123 जम्बो होतात, पण तो भागाकार ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी. रुग्णालयाला खाटा आणि प्रवाह एवढेच जुळवायचे असते.

या संयंत्राचे कामही दाबावरच चालते. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांनी भरलेल्या उभ्या टाकीत जाते. दाबाखाली त्या खड्यांना नायट्रोजन चिकटून बसतो आणि प्राणवायू पुढे निघतो, साधारण 93 टक्के शुद्धतेचा. मग टाकीतला दाब सोडला की चिकटलेला नायट्रोजन सुटून बाहेर पडतो आणि खडे पुन्हा ताजे होतात. अशा दोन टाक्या आळीपाळीने चालतात. एक दाबली जाते तेव्हा दुसरी मोकळा श्वास टाकते. इथून प्राणवायू थेट नळीने खाटेपर्यंत जातो आणि त्याला चार-पाच किलोचा दाब पुरतो.

मग सिलिंडरात 150 किलो कशासाठी? केवळ वाहतुकीसाठी. 7000 लिटर म्हणजे 7 घनमीटर, एखादी छोटी खोली भरेल एवढा वायू. ती खोली ढकलगाडीवर चढवता येत नाही, म्हणून तिला 47 लिटरच्या नळकांड्यात कोंबायचे. कोंबायचे तर जाड पोलाद हवे. त्या 7000 लिटर प्राणवायूचे वजन भरते साधारण 9 किलो, आणि भोवतीच्या पोलादाचे त्याच्या कितीतरी पट. त्या उन्हाळ्यात रस्त्यांवरून जे धावत होते ते मुख्यतः पोलाद होते, जाताना रिकामे, येताना भरलेले. नंदुरबारने पोलादाची ही ये-जा कमी केली. यात चमत्कार काही नव्हता. दाब कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, याचा विचार कुणीतरी वेळेत केला होता.

आता त्या नियमाच्या शेपटाकडे वळू, कारण खानदेशात ते शेपूट डोक्याइतकेच महत्त्वाचे आहे. ‘तापमान स्थिर असताना’. विद्यार्थी हे शब्द घोकतात आणि उदाहरण सोडवताना विसरतात, कारण उदाहरणात तापमान नेहमीच स्थिर असते. भुसावळच्या मे महिन्यात ते स्थिर नसते. पारा 45 च्या पलीकडे जाणारी दुपार आणि वातानुकूलित अतिदक्षता विभाग यांच्यामध्ये 20 अंशांचे अंतर सहज पडते. उन्हात उभ्या गाडीतल्या सिलिंडरवर 150 दाखवणारा काटा आतल्या 24 अंशांत निवल्यावर 140 वर येतो. गळती नाही, चोरी नाही, भरणाऱ्याने फसवलेलेही नाही. वायू तेवढाच आहे, फक्त थंड झाला आहे. घाईघाईने भरलेला सिलिंडर तर भरतानाच तापतो. 60 अंशांना 150 किलोवर थांबवलेली भरणी 30 अंशांना 136 च्या आसपास उतरते. म्हणजे गरम सिलिंडरवर काट्याने दाखवलेल्या साठ्यातला दहावा-अकरावा हिस्सा मुळात तिथे नव्हताच. जाणकार भरणारे सावकाश भरतात, निवू देतात आणि मग काटा पाहतात. धांदलीत पहिला बळी या सावकाशपणाचा जातो.

(शिवाय 150 किलोच्या दाबाला खरा प्राणवायू बॉइलचे तंतोतंत ऐकत नाही, काही टक्क्यांचा फरक पडतो, आणि तो नशिबाने आपल्या बाजूचा असतो. ज्यांना या बारकाव्यात रस असेल त्यांनी जरूर शिरावे, पण तास मोजण्याच्या आड तो येत नाही.)

बॉइलला स्वतःला या शेपटाची जाणीव होती, असे त्याच्या प्रयोगांवरून दिसते. 1660 मध्ये त्याने हवेच्या ‘स्प्रिंग’विषयी पुस्तक काढले. फ्रान्सिस लायनस नावाच्या टीकाकाराने त्यावर हल्ला चढवला, तेव्हा उत्तर म्हणून 1662 च्या आवृत्तीत त्याने तो प्रसिद्ध तक्ता जोडला. इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, आखूड बाजूचे तोंड बंद, लांब बाजूने पारा ओतायचा. नळी इतकी उंच की ती खोलीत मावेना आणि प्रयोग जिन्यात करावा लागला. एक नळी तर फुटलीच. मदतीला रॉबर्ट हूक होता आणि मुळातली कल्पना रिचर्ड टाउनलीची, हे बॉइलने मोकळेपणाने नोंदवले आहे. कोंडलेली हवा 48 भागांवरून 12 भागांवर आली, म्हणजे चौथाई झाली, तेव्हा त्याला दाब मिळाला 117 इंचांहून अर्धा इंच जास्त पाऱ्याइतका. नियमाने यायला हवा होता साडेएकशेसोळा. एका इंचाचा फरक त्याने लपवला नाही. मोजलेला आकडा एका रकान्यात, नियमाचा शेजारच्या रकान्यात, असे दोन्ही छापले. आपल्या शाळांच्या प्रयोगवह्यांत हा दुसरा रकाना कुठे दिसतो? तिथे उत्तर आधी येते आणि निरीक्षणे नंतर त्याला जुळवून लिहिली जातात, हे खानदेशातच काय, कुठल्याही महाविद्यालयात उघड गुपित आहे.

त्याने कोंडलेल्या हवेवर ओले फडके गुंडाळून पाहिले, मेणबत्तीची धगही दाखवून पाहिली. फरक पडतो हे दिसले. पण किती पडतो हे सांगायला त्याच्याकडे मापच नव्हते, कारण भरवशाचा तापमापक आणि सर्वांना मान्य असलेली अंशांची पट्टी अजून जन्माला यायची होती. फॅरनहाइटची पट्टी आली 1724 मध्ये. तापमान आणि आकारमान यांचा नियम गे-ल्युसॅकने प्रसिद्ध केला 1802 मध्ये. बॉइलचा तक्ता आणि त्याच्या शेपटाचे उत्तर यांत 140 वर्षे गेली. आपण ही दोन्ही प्रकरणे एका आठवड्यात उरकतो आणि एकमेकांपासून वेगळी ठेवून उरकतो. पहिल्यात तापमान स्थिर, दुसऱ्यात दाब स्थिर. वॉर्डात, रस्त्यावर, शेतात दोन्ही एकदम हलतात.

धुळे-जळगाव-भुसावळ महामार्गावर याचा रोजचा पुरावा असतो. सकाळी 27 अंशांना टायरात 33 पीएसआयची हवा भरली. दुपारी रस्ता आणि धाव यांनी टायर 67 अंशांपर्यंत तापला, तर काटा 39 च्या पुढे जातो. चालक घाबरून हवा काढतो. संध्याकाळी टायर निवतो आणि मऊ पडतो, दुसऱ्या दिवशी मऊ टायर जास्त लवतो, जास्त तापतो, आणि फुटतो तो असा. हवा थंड टायरात मोजायची, हा नियम पंक्चरवालाही सांगतो. त्याचे ऐकावे.

काटा आणि साठा यांची फारकत याहून मोठी होते ती आपल्याच स्वयंपाकघरात. घरगुती गॅसच्या 14.2 किलोच्या टाकीला काटा लावला, तर पहिल्या दिवसापासून जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत तो एकाच जागी राहील. कारण आत आहे द्रव. वायू वापरला की द्रवाची थोडी वाफ होते आणि दाब पुन्हा तेवढाच. थंडीत थोडा कमी, उन्हाळ्यात जास्त. साठ्याशी त्याचा संबंध शेवटचा थेंब संपल्यावरच सुरू होतो. म्हणून गॅसची टाकी वजनावर विकतात आणि बायका ती हलवून अंदाज घेतात. प्राणवायूच्या सिलिंडरला हलवून काही कळत नाही, गॅसच्या टाकीला काटा लावून काही कळत नाही. आत वायू आहे की द्रव, हे आधी विचारावे लागते, आणि बॉइलचा नियम कुठे लागू नाही हे समजणे हा त्या नियमाच्या समजेचा निम्मा भाग आहे. मोठ्या रुग्णालयांच्या आवारातली उंच पांढरी टाकीही द्रवाचीच, उणे 183 अंशांना उकळणारा प्राणवायू. त्याच्या एका लिटरातून साडेआठशेच्या आसपास लिटर वायू निघतो. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात अशाच टाकीला गळती लागली, नळीतला दाब पडला आणि 20 हून अधिक रुग्ण दगावले. द्रव हवेत उडून त्याचा पांढरा धूर पसरत असताना खाटेजवळच्या नळीत मात्र दाब नव्हता.

आता भुसावळ. या गावाला दाबाची भाषा दीडशे वर्षे येते. 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वे इथे पोचली, इथून एक फाटा नागपूरकडे आणि एक खांडव्याकडे गेला, आणि इंजिने सांभाळणारे गाव तयार झाले. वाफ गेली, वीज आली, पण गाडी थांबवण्याचे काम अजूनही हवाच करते. त्यातही एक मोठे स्थित्यंतर झाले, आणि ते समजायला बॉइल लागतो.

जुना व्हॅक्यूम ब्रेक असा होता. इंजिन संपूर्ण गाडीच्या नळीतून हवा शोषून घेई, 510 मिलिमीटर पाऱ्याइतकी. प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरात दट्ट्याच्या वरही पोकळी आणि खालीही पोकळी, म्हणून ब्रेक सुटलेला. ड्रायव्हरने नळीत हवा सोडली की ती दट्ट्याच्या खाली शिरते, वरची पोकळी तशीच राहते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला वर उचलतो. पण वरची ‘पोकळी’ पूर्ण पोकळी नसते. 760 मधून 510 गेले, 250 उरले. दट्ट्या वर सरकला की ही उरलेली हवा कोंडली जाते. तिची जागा पाऊण झाली तर दाब 250 चा 333 होतो, म्हणजे जोरातून 83 मिलिमीटर वजा. ब्रेकचे ठोकळे जितके झिजलेले, तितका दट्ट्याचा प्रवास लांब, तितकी वरची हवा जास्त दाबली जाणार आणि तितका ब्रेक ढिला. म्हणजे ठोकळे झिजण्याची किंमत बॉइलचा नियम वसूल करत असे, आणि ती बरोबर नको त्या वेळी.

दुसरी मर्यादा याहून मूलभूत. पोकळी कितीही चांगली केली तरी तुमच्या हाती जोर येतो तो फार तर एका वातावरणाचा. त्याहून जास्त शोषता येत नाही, कारण शून्याच्या खाली काही नाही. इगतपुरीला, सुमारे 600 मीटर उंचीवर, ते वातावरणही सात टक्क्यांनी पातळ झालेले, आणि पुढे लगेच कसाऱ्याचा घाट, 37 ला 1 उतार. दाबलेल्या हवेला असे छत नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसने अमेरिकेत 1869 मध्ये हवेचा ब्रेक काढला आणि नळी तुटली तरी ब्रेक आपोआप लागेल अशी सुधारणा 1872 मध्ये केली. आपल्याकडे मालगाड्यांत तो रुळला 1980 च्या दशकात, बॉक्सएन वाघिणी आल्या तेव्हा. नळीत 5 किलो, आणि पूर्ण ब्रेक लागला की सिलिंडरात 3.8 किलो. जुन्या 510 मिलिमीटरचा जोर 0.7 किलोच्या आत होता. म्हणजे दट्ट्याच्या तेवढ्याच तोंडावर पाचपटीहून अधिक जोर.

प्रत्येक वाघिणीखाली 100 लिटरची हवेची टाकी असते. ब्रेक सिलिंडर तुलनेने लहान. दट्ट्या पूर्ण सरकल्यावर त्यात 13 लिटरच्या आसपास जागा होते. म्हणून एकदा ब्रेक लागल्यावर टाकीतला दाब 5 वरून साडेचारच्या जवळ उतरतो, फार नाही, आणि पुढच्या ब्रेकसाठी हवा उरते. हे आकडे कुणा अभियंत्याला सहज सुचलेले नाहीत. टाकी किती मोठी आणि सिलिंडर किती लहान, याचा तोल दाब आणि आकारमान यांच्या गुणाकारानेच ठरतो.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राला कोळसा आणणारी 58 वाघिणींची गाडी घ्या. टाक्यांचीच जागा 5800 लिटर. ती रिकामी असताना 5 किलोपर्यंत भरायची तर 29,000 लिटर मोकळी हवा दाबावी लागते, लांबलचक नळीतली वेगळीच. याला वेळ लागतो. आणि इथे काट्याचा सगळ्यात धोकादायक खोटेपणा समोर येतो. दोन वाघिणींमधल्या नळीला अँगल कॉक असतो, तो चुकून बंद राहिला तर त्याच्या मागची गाडी ड्रायव्हरच्या हवेपासून तुटते. समजा पाचव्या वाघिणीमागचा कॉक बंद आहे. इंजिनातला काटा 5 दाखवेल, अगदी ठणठणीत 5. तो खोटे बोलत नाही. त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या पाच वाघिणींत दाब खरोखरच 5 आहे. मागच्या 53 वाघिणी ब्रेकच्या बाहेर आहेत, हे तो सांगू शकत नाही. म्हणून गाडी सुटण्याआधी शेवटच्या ब्रेकव्हॅनमधल्या काट्यावर दाब पोचला का ते पाहतात, इंजिनाकडून दाब उतरवला की मागचा काटाही उतरतो का ते तपासतात, आणि तपासणाऱ्याच्या सहीचे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट घेतात. अनुभवी लोको पायलटला याआधीच संशय येतो, कारण हवा फार लवकर भरते. 58 वाघिणींचा दाब पाच वाघिणींच्या वेळात ‘बनला’, तर जागा कुठेतरी कमी पडली आहे. त्याने आकारमान पाहिलेले नसते. दाब आणि वेळ यांवरून त्याने ते ओळखलेले असते, आणि अकरावीतल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा हे उदाहरण जास्त अवघड आहे.

काट्याची आणखी एक लबाडी आहे, आणि ती शाळेत जवळजवळ सांगितलीच जात नाही. काट्याचा शून्य हा शून्य नसतो. मोकळ्या टायरवर काटा शून्य दाखवतो, पण आत एका वातावरणाची हवा असतेच. काटा फक्त बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त ते सांगतो. बॉइलच्या नियमाला मात्र पूर्ण दाब हवा असतो. 150 किलोच्या सिलिंडरात एक किलोचा हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. कमी दाबाला तो सगळे गणित उलटवतो. बागेत फवारायचा हवा भरलेला पंप घ्या, 8 लिटरचा. त्यात 6 लिटर औषधपाणी आणि वरच्या 2 लिटर जागेत दट्ट्या मारून 3 किलोपर्यंत हवा. आता 3 लिटर फवारून झाले, हवेला 5 लिटर जागा मिळाली. काट्याचाच आकडा धरून गणित केले तर 3 गुणिले 2 भागिले 5, म्हणजे 1.2 किलो यायला हवा. खरा हिशेब 4 गुणिले 2 भागिले 5, म्हणजे 1.6, आणि त्यातून बाहेरचा 1 वजा केला की काट्यावर उरतो 0.6. अपेक्षेच्या निम्मा. फवारा अर्ध्यातच पिचकारीसारखा पडू लागतो, थेंब मोठे होतात, पानावर न बसता ओघळतात. म्हणून मध्येच पुन्हा हवा मारायची, आणि म्हणूनच असा पंप काठोकाठ भरायचा नाही, वरची जागा हवेसाठी सोडायची. कपाशीवर पाठपंप मारणाऱ्याच्या पंपातही हवेची एक लहान कुपी असते, ती दोन हिसक्यांच्या मधल्या वेळात धार तुटू देत नाही. तीही तेवढ्यापुरतीच दाबली जाते आणि तेवढ्यापुरतीच फुगते.

काही वक्त्यांना हा नियम माणसांवर लावायची हौस असते: दाब वाढला की माणूस आकसतो वगैरे. माणूस ठरावीक वस्तुमानाचा कोंडलेला वायू नाही आणि त्याचे तापमान तर मुळीच स्थिर नसते. तो विषय तिथेच सोडलेला बरा.

मग शिकवायचे काय? मी सूत्र काढून टाका असे म्हणत नाही. सूत्राच्या आधी प्रश्न शिकवावेत, एवढेच म्हणणे आहे. परीक्षेत आज साधारण असे विचारतात: स्थिर तापमानाला एका वायूचे आकारमान 2 लिटर आणि दाब 1 आहे, दाब 4 झाला तर आकारमान किती? यात विचार करायला काही उरलेलेच नाही, सगळ्या अटी प्रश्नकर्त्याने आधीच पुरवल्या आहेत. त्याऐवजी असे विचारावे: एका रुग्णालयात प्राणवायूच्या सिलिंडरवर काटा 90 वर आहे आणि प्रवाह मिनिटाला 8 लिटर आहे, तर तो किती वेळ पुरेल? या प्रश्नाला उत्तर नाही, निदान एकच उत्तर नाही. ज्या विद्यार्थ्याला नियम समजला आहे तो विचारेल, सिलिंडर किती लिटरचा? तो आता उन्हातून आत आणला आहे का? पूर्ण रिकामा होईपर्यंत चालवायचा की थोडा राखून बदलायचा? या प्रश्नांना गुण कसे द्यायचे, हे ठरवण्याचे काम मंडळाचे.